अमेरिका बदलली, मग भारत, सौदी, तुर्की, ब्राझील यांनी काय करायचं?

कुपवाडकर
१२ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो कारण हे डोक्यातनं जात नाहीये.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅच आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. पंप-व्हॉल्व्हची कास्टिंग, मशिनिंग करून बाहेर जातात. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाईकाला गेली अकरा वर्षं माल चाललाय. पूर्वी कोटेशनच्या खाली एक ओळ ठरलेली असायची, दर सहा महिने कायम. एप्रिलपासनं ती तीन महिन्यांवर आली, ऑगस्टनंतर एक महिना, आणि परवा दिवाणजींनी मला सांगितलं की पंधरा दिवस लिही. अकरा वर्षांत मी ही ओळ कधी बदलली नव्हती, या वर्षात तीनदा बदलली.

आता तारखा बघा. २ एप्रिलला अमेरिकेनं भारतावर २६ टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, जाहीर केले, ९ ला थांबवले, ७ ऑगस्टला २५ लागले, २७ ऑगस्टला रशियन तेल घेतो म्हणून अजून २५, झाले ५०. स्टीलचा टॅरिफ वेगळ्याच कायद्याखाली, म्हणजे आपला कुठला पार्ट कशात बसतो हे ठरवण्यातच आमचे आठ-आठ दिवस जातात, आणि त्यांच्याच सुप्रीम कोर्टात ५ नोव्हेंबरला सुनावणी झालीय की राष्ट्राध्यक्षाला असे टॅरिफ लावता येतात का, तो निकाल अजून यायचाय, म्हणजे आज भरलेला कर उद्या परत मिळणार की नाही हेही गिऱ्हाईकाला सांगता येत नाही.

पण मला बोलायचंय ते नुसतं टॅरिफवर नाही. रशियन तेलाचंच घ्या. युक्रेन युद्धाच्या आधी आपण रशियाकडनं २ टक्केसुद्धा तेल घेत नव्हतो, नंतर ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. त्या वेळी अमेरिका आणि तिच्या दोस्त देशांनीच बॅरलला ६० डॉलरची मर्यादा घालून दिली होती, की त्या भावाच्या आत घ्या म्हणून. २०२४ मध्ये अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत गार्सेटी जाहीरपणे म्हणाले होते की भारतानं ते तेल घ्यावं असं आम्हालाच वाटत होतं, नाहीतर जगात भाव भडकला असता. आणि वर्षभरात त्याच तेलासाठी दंड! आपण काहीच बदललं नव्हतं. काम तेच, टँकर तेच, निवाडा मात्र उलटा.

आणि गेल्या आठवड्यात त्यांचं नवं राष्ट्रीय सुरक्षा धोरण आलं. त्यात अमेरिका खंड सगळ्यात आधी, १८२३ च्या मन्रो सिद्धांताला (अमेरिका खंडात बाहेरच्या सत्तांनी हात घालू नये, असा) ट्रम्प यांच्या नावाची नवी पुरवणी, युरोपला चार गोष्टी सुनावल्यात, आणि जगाचा सगळा भार आम्ही एकट्यानं खांद्यावर घेण्याचे दिवस गेले असं सरळ लिहिलंय. त्याच आठवड्यात पुतिन दिल्लीत येऊन गेले आणि आपले पंतप्रधान विमानतळावर गेले त्यांना घ्यायला. रुपया नव्वदच्या पार गेला तोही त्याच आठवड्यात.

मला विचारायचंय ते असं, की जे देश महासत्ता नाहीत पण अगदी लहानही नाहीत, म्हणजे आपण, सौदी, तुर्की, ब्राझील, जपान, हे सगळे या बदलाकडं कसं बघतायत? माझं मत असं झालंय की यांना अमेरिकेच्या रागाची तेवढी भीती नाही, राग परवडतो. ती उद्या कुठं उभी असेल ते सांगता येत नाही, त्याची भीती आहे. तुम्हाला काय वाटतं? टीव्हीवरच्यासारखं भांडण नको, जे स्वतः बघितलंय वाचलंय ते लिहा.


स्पर्धापरीक्षा_सातारा
१२ डिसेंबर, रात्री ११:२५

दादा धागा मस्त. ब्राझीलबद्दल लिहिते कारण मुलाखतीच्या तयारीला हाच विषय घेतलाय.

ब्राझीलवर पण ५० टक्के लावले होते, पण कारण बघा, माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोवर खटला का चालवता. म्हणजे व्यापाराचा संबंधच नाही, दुसऱ्याच्या कोर्टाच्या कामात हात. तिथले राष्ट्राध्यक्ष लुला नमले नाहीत, त्यांच्या कोर्टानं सप्टेंबरात बोल्सोनारोला २७ वर्षांवर शिक्षा सुनावली. आणि २० नोव्हेंबरला अमेरिकेनं ब्राझीलच्या कॉफी आणि बीफवरचा जादा टॅरिफ काढला, कारण तिकडं कॉफी महाग झाली होती आणि लोक ओरडत होते.

पण म्हणून भारतानंही तसंच करावं असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. ब्राझीलचा एक नंबरचा गिऱ्हाईक २००९ पासनं चीन आहे, अमेरिकेला त्यांची साधारण १२ टक्केच निर्यात जाते. आपली वस्तूंची जवळपास १८ टक्के जाते, २०२४-२५ मध्ये ८६ अब्ज डॉलरच्या वर. आणि त्यात कोळंबी, कपडे, हिरे, कास्टिंग, म्हणजे ज्यात माणसं जास्त लागतात तेच. लुलांच्या हातात सोयाबीन आणि कॉफी आहे, कॉफी तर अमेरिकेत पिकतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या हातात तसं काय आहे याचा विचार करून मगच आवाज चढवायचा.


विटा_गलाई
१३ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी तमिळनाडूत असतो, दुकान वडलांपासनं आहे. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे नवीन सांगायला नको, देशात जिथं सोनारकट्टा तिथं आपला सोनं गाळणारा गलाईवाला असतोच. तर हा सगळा विषय मी माझ्या भट्टीसमोर बसून बघतोय असं समजा.

सोनं १० ग्रॅमला लाख रुपये झालं एप्रिलमध्ये, आता सव्वा लाखाच्या वर आहे. ऑक्टोबरात तिकडं औंसाला ४००० डॉलर पार झाले. लोक विचारतात एवढं का वाढतंय, आमच्याकडं तर नवीन दागिना कोण घेत नाही, मोड, म्हणजे जुने दागिने, घेऊनच येतात. मोड मुशीत टाकली, टंच (सोन्याचा कस) काढला, पैसे घेतले, गेले. मग घेतंय कोण? घेतायत देश. २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनाच्या वर सोनं घेतलं. आणि हे सुरू झालं ते २०२२ ला रशियाचे साधारण ३०० अब्ज डॉलर गोठवल्यावर. रशियानं चूक केली ती केलीच, हल्ला करणं चूकच, पण बाकीच्या देशांनी त्यातनं एक गोष्ट बघितली की डॉलर-युरोत ठेवलेला पैसा आपल्या नावावर असला तरी आपल्या हातात असतोच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२४ मध्ये सगळ्यात जास्त सोनं घेतलं कुणी माहितीय? पोलंडनं, ९० टन. त्यानंतर तुर्की आणि भारत, ७० च्या वर दोघंही. पोलंड म्हणजे अमेरिकेचा पक्का दोस्त, त्याला काय अमेरिकेचे निर्बंध लागणार नाहीत. तरी तो घेतोय. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ मध्ये १०० टन सोनं लंडनहून परत आणलं. कुपवाडकर म्हणतात ते यावरनं मला पटतं, पुढाऱ्यांची भाषणं काय पण असूद्यात, तिजोरीत काय ठेवलंय ते बघा.

आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. माझे वडील सांगायचे, १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननं टीव्हीवर सांगितलं की आजपासनं डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. तोवर ३५ डॉलरला औंस असा सगळ्या जगाशी वायदा होता. त्याच भाषणात बाहेरच्या मालावर १० टक्के जादा कर. म्हणजे टॅरिफ आणि सोनं, दोन्ही त्याच दिवशी. जपानची तर दोनदा झोप उडाली, कारण महिनाभर आधीच निक्सन चीनला जाणार म्हणून जाहीर झालं आणि जपानला ते कळलं काही मिनिटं आधी. त्याला ते लोक अजून निक्सन शॉक म्हणतात.


सुभेदार_अपशिंगे
१३ डिसेंबर, सकाळी ९:१५

मी निवृत्त सुभेदार, गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात आमच्या एका गावचे ४६ जण गेले, ते कुणाच्या लढाईसाठी गेले ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं महासत्तेच्या मागं डोळे झाकून जाऊ नये हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरीपण इथं वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितो.

मी लडाखमध्ये काम केलंय. २०२० ला गलवानला आपले २० जवान गेले त्या हिवाळ्यात वरच्या पोस्टवर थंडीचे कपडे अमेरिकेकडनं आले. वर सामान नेणारं चिनूक त्यांचं, सी-१७ त्यांचं, एम-७७७ तोफ त्यांची, समुद्रावर नजर ठेवणारं पी-८ त्यांचं. तेजसला इंजिन त्यांचं, ते उशिरा देतायत म्हणून आपण बोंब मारतो पण गेल्याच महिन्यात अजून ११३ इंजिनांचा करार केला की नाही? ऑक्टोबरच्या शेवटी क्वालालंपूरला दहा वर्षांचा संरक्षण आराखडा सही झाला, तोही ५० टक्के टॅरिफ चालू असताना.

जूनमध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं तेव्हा माझंही रक्त उसळलं. सिंदूर होऊन दीड महिना झाला नव्हता. युद्धबंदी मी केली म्हणून किती वेळा बोलले ते मोजणं मी सोडून दिलं. पण शेजारी कोण आहे ते विसरू नका. अमेरिका लांब आहे, रागावली तर आपला धंदा बुडतो. चीन रागावला तर पोरं जातात. मी हे शब्द जपून लिहितोय.


तासगाव_बेदाणा
१३ डिसेंबर, सकाळी १०:०५

सुभेदारसाहेब नमस्कार. तुमच्या बोलण्यात एक भर घालतो, शेतकऱ्याच्या बाजूनं.

चीन रागावला तर धंदाही बुडतो. यंदा जूनमध्ये चीननं भारताकडं येणारी विद्राव्य खतं अडवली. द्राक्षवाल्याला विचारा बारा-एकसष्ट आणि शून्य-बावन्न-चौतीस नाही मिळालं तर काय होतं. सगळी बाग ड्रिपवर, खत पाण्यातनंच जातं. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीच्या आधी दुकानदार म्हणायला लागला की माल कमी आहे, भाव विचारू नका, पाहिजे असंल तर आत्ता उचला. वर पावसानं आधीच कंबर मोडलेली. त्याच सुमाराला गाड्यांच्या मोटारीला लागणारे मॅग्नेट पण चीननं अडवून ठेवले होते, सातारा-पुण्याच्या पार्टवाल्यांनी ते भोगलंय. मग ऑगस्टमध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले आणि खतं, मॅग्नेट, बोगदा खोदायची मशिनं यावरचे अडथळे काढतो म्हणाले. कधी आले? अमेरिकेचा दुसरा टॅरिफ लागायच्या आठवडाभर आधी. मग ३० ऑगस्टला मोदी सात वर्षांनी चीनला गेले, तियानजिनला.

म्हणजे अमेरिकेनं ढकललं म्हणून चीन गोड झाला आणि तो गोड झाला तो किती दिवस ते त्याचं त्यालाच माहीत. आमच्या बागेला दोघांचाही भरवसा नाही.

अजून एक, बेदाण्यावरनं आठवलं. आमच्या बाजारात अफगाण बेदाणा उतरतो त्यामुळं काबूलच्या बातम्या मी बारीक वाचतो. सप्टेंबरात ट्रम्प म्हणाले अफगाणिस्तानातला बगराम विमानतळ, त्यांचा जुना तळ, परत पाहिजे. ७ ऑक्टोबरला मॉस्कोत बैठक झाली आणि तिथं भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, इराण सगळ्यांनी मिळून निवेदन काढलं की अफगाणिस्तानात आणि आसपास बाहेरच्या कुणाचा लष्करी तळ नको. भारत आणि पाकिस्तान एका कागदावर, तेही सिंदूरनंतर पाच महिन्यांत! बगरामचं नाव त्यात नव्हतं पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. आणि दोनच दिवसांनी तालिबानचे मंत्री मुत्ताकी दिल्लीत, काबूलला आपला पूर्ण दूतावास परत सुरू. वीस वर्षं अमेरिका तिथं बसली होती, मग २०२१ च्या १५ ऑगस्टला एका दिवसात काबूल पडलं. त्या भागातल्या देशांचं म्हणणं एवढंच की तुमचं जाणं आम्ही निस्तरलं, आता पुन्हा येणं पण आम्हीच निस्तरायचं का.


वाईकर_दोहा
१३ डिसेंबर, दुपारी १:३०

मी मूळचा वाईचा, नऊ वर्षं दोह्यात नोकरीला. सौदी-कतारचा विषय निघाला म्हणून लिहितो, इथनं कसं दिसतं ते.

अल उदैद म्हणून अमेरिकेचा तळ आहे शहराबाहेर, त्या अख्ख्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा. आमच्या इथं सगळे असंच समजून चालायचे की तो तळ आहे म्हणजे आपल्याला कोण हात लावत नाही. २३ जूनला संध्याकाळी आम्ही जेवायला बसायच्या बेतात होतो आणि आकाशात लाल ठिपके आणि धडाम आवाज. इराणनं त्याच तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती, कारण आदल्या दिवशी अमेरिकेनं इराणच्या फोर्डो, नतान्झ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले होते. विमानतळ बंद, आई वाईहून फोनवर फोन करतीय, मी तिला सांगतोय काय नाही गं फटाके आहेत. बहुतेक सगळी हवेतच पाडली, कुणाला लागलं नाही.

मग ९ सप्टेंबर. या वेळी इस्रायल. भर दुपारी दोह्यात इमारतीवर हल्ला, हमासचे लोक वाटाघाटीसाठी होते तिथं. आता विचार करा, ज्या देशात अमेरिकेचा सगळ्यात मोठा तळ आहे, ज्यानं मे महिन्यात ट्रम्पना बोइंग ७४७ भेट द्यायचं ठरवलं, त्याच्यावर एका वर्षात दोन बाजूंनी हल्ला, त्यातला एक अमेरिकेच्या शत्रूनं केलेला आणि एक मित्रानं. मग ट्रम्पनी कतारच्या सुरक्षेची हमी देणारा आदेश काढला १ ऑक्टोबरला. पण आदेश म्हणजे एका सहीचा कागद, पुढचा राष्ट्राध्यक्ष दुसरी सही करू शकतो. इथले लोक हे उघड बोलत नाहीत पण समजतात सगळे.

सौदींनी काय केलं ते बघा. दोह्यावरच्या हल्ल्याला आठ दिवस झाले आणि १७ सप्टेंबरला रियाधमध्ये पाकिस्तानशी संरक्षण करार, एकावर हल्ला तो दोघांवर. आपल्याला ते टोचलं. आणि दोन महिन्यांनी सौदीचे युवराज व्हाइट हाऊसमध्ये, एफ-३५ विमानं मागतायत आणि गुंतवणूक एक लाख कोटी डॉलरपर्यंत नेतो म्हणतायत. लोकांना हे दुटप्पी वाटतं. मला तसं वाटत नाही. २०१९ मध्ये अबकैकच्या तेल प्रकल्पावर हल्ला झाला, सौदीचं निम्मं उत्पादन बंद पडलं, आणि तेव्हाही ट्रम्पच होते आणि अमेरिकेनं उलट हल्ला केला नाही. सौदींनी ते मनात ठेवलं. २०२३ च्या मार्चमध्ये बीजिंगला जाऊन इराणशी समेट केला तो त्यामुळं. एक दार बंद न करता दुसरं उघडायचं, आणि तिसऱ्याची किल्ली पण खिशात ठेवायची, असं चाललंय त्यांचं.


मिरज_वेस
१३ डिसेंबर, दुपारी २:१०

आणि तुर्की? मे महिन्यात तुर्कीची सफरचंदं पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी बंद केली, आमच्या इथं पण फळवाले सांगत होते आम्ही ठेवत नाही. पाकिस्तानला ड्रोन देतो म्हटल्यावर राग येणारच.


स्पर्धापरीक्षा_सातारा
१३ डिसेंबर, दुपारी ३:००

तुर्कीवर राग बरोबर आहे काका, पण अभ्यास करण्यासारखा देश आहे. १९५२ पासनं नाटोत. तरी २०१७ मध्ये रशियाकडनं एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली, अमेरिकेनं एफ-३५ च्या कार्यक्रमातनं बाहेर काढलं, २०२० मध्ये निर्बंध लावले. त्यांनी स्वतःचे ड्रोन बनवले, ते युक्रेनला विकले, आणि रशियाकडनं गॅस पण घेतला. युद्ध सुरू झाल्यावर १९३६ च्या माँट्रो करारावर बोट ठेवून काळ्या समुद्राकडं जाणाऱ्या सामुद्रधुनीतनं युद्धनौका बंद केल्या. यंदा ऑक्टोबरात ब्रिटनकडनं २० युरोफायटर घेतले आणि एफ-३५ ची मागणी पण सोडली नाही. एस-४०० आपणही घेतलं आणि आपल्यावर निर्बंध लागले नाहीत, कायदा एकच असून. वर कुपवाडकर दादांनी लिहिलं ना निवाडा बदलतो म्हणून, तसंच हे.


अजिंक्यतारा
१३ डिसेंबर, रात्री ९:२०

दिवसभर वाचतोय. मी साताऱ्याचा, इतिहास हा माझा पेशा नाही पण नाद आहे. तुम्ही सगळे परदेशातली उदाहरणं देताय, पण हा अनुभव आपल्याच मातीत आहे की, राजवाड्याच्या चौकात.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला. तेव्हा कंपनीचा इथला मुख्य अधिकारी एल्फिन्स्टन, त्याचं धोरण होतं की मराठे लोक दुखावले जाऊ नयेत, जुनी घराणी सांभाळून घ्यावीत. ग्रँट डफ रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, त्यानं महाराजांना कारभार शिकवला, १८२२ ला पूर्ण अधिकार दिले. महाराजांनी शहर वसवलं, रस्ते केले, पाणी आणलं, शाळा काढली, आणि तहाचं प्रत्येक कलम पाळलं. त्यांना खरोखर वाटत होतं की कागद पक्का आहे.

मग साहेब बदलले. ज्यांनी तह केला ते विलायतेला परत गेले, नवे आले त्यांना ही संस्थानं नकोशी. १८३९ ला कटाचा आरोप ठेवून महाराजांना गादीवरनं काढलं आणि काशीला पाठवलं, तिथंच १८४७ ला गेले. त्यांच्या भावाला, शहाजी राजांना बसवलं होतं. ते १८४८ ला वारले, मरताना दत्तक घेतला होता, तर गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. त्या धोरणाखाली गेलेलं पहिलं राज्य सातारा. आणि त्या वेळचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर, त्यांचाच माणूस, तो म्हणत होता की हे चूक आहे, दत्तक कायदेशीर आहे. कुणी ऐकलं नाही, उलट त्यालाच तिथं कमिशनर म्हणून कारभार बघायला लावला.

आणि रंगो बापूजी. हा माणूस महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेला आणि चौदा वर्षं तिथं राहिला. पत्रकं छापली, सभा घेतल्या, कंपनीच्या भागधारकांपुढं बोलला, पार्लमेंटमधल्या लोकांना भेटला. पैसे संपले, कर्ज झालं. माघारी आला तेव्हा राज्य नव्हतं. १८५७ ला त्याच्या मुलाला, सीताराम गुप्तेला, इथं गेंडामाळावर मारलं आणि रंगो बापूजी स्वतः गायब झाला तो परत कधी सापडला नाही. गेंडामाळाकडनं जाताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं.

मी कालचा इंग्रज आणि आजची अमेरिका सारखे म्हणत नाही. भारत काय साताऱ्याची गादी नव्हे. पण वाईकर दादांनी एका सहीच्या कागदाबद्दल लिहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. प्रतापसिंहांची चूक काय झाली? मला वाटतं तह केला ही चूक नव्हतीच, त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. पण त्यांच्याकडं तहाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. ना फौज, ना दुसरा दोस्त, तहातच लिहिलं होतं की दुसऱ्या कुठल्या राज्याशी पत्रव्यवहार करायचा नाही. पुढं आरोप ठेवले तेही त्याचेच, की गोव्याच्या पोर्तुगीजांशी बोलणं केलं. आज सौदी, तुर्की, भारत ज्याच्यासाठी धडपडतायत ते हेच आहे, की आमचा पत्रव्यवहार आम्ही ठरवू.


प्रीतिसंगम_कराड
१३ डिसेंबर, रात्री १०:३५

अजिंक्यतारा, फार चांगलं लिहिलंत. मी कराडचा, तर यशवंतराव चव्हाणसाहेबांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६२ ला सह्याद्री धावून गेला ते सगळे सांगतात, पण ते परराष्ट्रमंत्री होते हे आमच्या इथली पोरंसुद्धा विसरलीत.

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते खातं त्यांच्याकडं आलं. १९७१ ची जखम ताजी होती, अमेरिकेनं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीला आले. देवराष्ट्र्यासारख्या दुष्काळी गावात वाढलेला माणूस आणि समोर किसिंजर. दोघांनी २८ ऑक्टोबरला भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सही केली, व्यापार, विज्ञान, शिक्षण यासाठी. म्हणजे ज्यानं तीन वर्षांपूर्वी आरमार पाठवलं त्याच्याशीच बसून काम सुरू केलं. पुढं २४ फेब्रुवारी १९७५ ला अमेरिकेनं पाकिस्तानवरची शस्त्रबंदी उठवली. चव्हाणसाहेब मार्चमध्ये वॉशिंग्टनला जाणार होते त्या आयोगाच्या बैठकीला. त्यांनी दौरा रद्द केला. आयोग मोडला नाही, फक्त गेले नाहीत. आणि सहा-सात महिन्यांनी, त्याच वर्षी ऑक्टोबरात, गेले आणि बैठक केली.

मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला राग आलाय हे समोरच्याला स्वच्छ कळलं आणि पुढचं कामही बुडालं नाही.

माझ्या आईला १९७२ चा दुष्काळ आठवतो, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, भाकरी थापताना तुटायची म्हणते. त्याच्या आधी साठच्या दशकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं एकेक महिन्याच्या हिशोबानं सोडायचे, आपण व्हिएतनामवर बोललो म्हणून. त्या देशाशी चव्हाणसाहेब असं वागू शकले, तर आज आपली कोठारं भरलेली असताना घाबरायचं काही कारण नाही.


सुभेदार_अपशिंगे
१३ डिसेंबर, रात्री ११:००

चव्हाणसाहेबांचं वाचून बरं वाटलं. १९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात उघडलं त्यामागंही तेच होते. माझं म्हणणं तुम्ही जे सांगितलंत त्याच्या विरोधात नाहीच. बोलायचं बंद करू नका एवढंच.


पलूसची_लेक
१४ डिसेंबर, सकाळी ८:४०

इथं सगळे देशांचं बोलतायत, मी माणसांचं लिहिते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याची अमेरिकेला जायची फाइल कंपनीनं तयार केली होती. १९ सप्टेंबरला जाहीर झालं की नव्या एच-वन-बी व्हिसाला, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या परवान्याला, एक लाख डॉलर फी. म्हणजे जवळपास नव्वद लाख रुपये. दुसऱ्या दिवशी त्याच्या मॅनेजरनं सांगितलं की आता विसर. पहिले दोन दिवस तर जे तिकडनं सुट्टीला आलेले त्यांनाही कळेना परत जाता येईल का नाही, लोक मिळेल त्या विमानानं पळाले. नंतर खुलासा आला की जुन्यांना लागू नाही. पण ते दोन दिवस आमच्या चुलत वहिनीनं कसे काढले ते मी बघितलंय.

आणि हे फक्त आपल्यालाच नाही. दक्षिण कोरियाशी तर त्यांचा लष्करी करार आहे, कोरियानं ३५० अब्ज डॉलर गुंतवायचं कबूल केलं, आणि ४ सप्टेंबरला जॉर्जियात ह्युंदाईच्या नव्या कारखान्यावर धाड टाकून तीनशेच्या वर कोरियन कामगारांना बेड्या घालून नेलं. कारखाना उभा करायला आलेली माणसं ती. कोरियात केवढा संताप झाला. आपली स्वतःची अणुबॉम्बची सोय करावी का यावर तिकडं उघड चर्चा चालते ती उगाच नाही.

भाऊ आता जर्मन शिकतोय, सांगलीत शनिवार-रविवार क्लास आहे. त्याच्या क्लासमध्ये पंचवीस जण आहेत म्हणतो.


विटा_गलाई
१४ डिसेंबर, सकाळी ९:१०

ताई, भावाला सांगा चांगलं करतोय. आमच्या वाडवडलांनी पण असंच केलं, दुष्काळानं घर सोडलं तर सगळे एकाच शहरात गेले नाहीत, एक भाऊ मद्रासला, एक कलकत्त्याला, एक कानपूरला. एक बाजार बसला तर दुसरा घर चालवायचा.


कुपवाडकर
१४ डिसेंबर, रात्री ९:५०

एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं, चव्हाणसाहेबांचं घरी वडलांना वाचून दाखवलं.

सुभेदारसाहेब, तुमचं म्हणणं मी मनापासनं घेतलं. माझ्या लिहिण्यात अमेरिकेवरचा राग जास्त आला होता, चीनचा विचार कमी झाला होता. तासगावकरांनी खताचं लिहिलं तेव्हा लक्षात आलं की माझ्याच काकांनी ऑगस्टमध्ये बारा-एकसष्टसाठी तीन दुकानं पालथी घातली होती आणि मी ते जागतिक राजकारण आहे असं धरलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. काल सुट्टी असूनही दिवाणजींनी बोलावलं होतं. अमेरिकेच्या गिऱ्हाईकाचा मेल आला, त्याला आमचा माल सोडायचा नाहीये, टॅरिफचा अर्धा भार तो उचलतो म्हणतोय, अर्धा आम्ही. मालकांनी हो म्हटलं. त्याचबरोबर जर्मनीतल्या एका पार्टीला सहा नमुने पाठवायचे ठरले आणि सौदीतल्या एका पाण्याच्या प्रकल्पाच्या टेंडरची कागदपत्रं मागवलीत. पाच पेट्या उद्या बांधायच्यात. वाईकर दादा, सौदीत पंपाच्या पार्टला कुठलं सर्टिफिकेट लागतं, तिथं कुणी ओळखीचं असंल तर विचारून सांगाल का?


वाईकर_दोहा
१४ डिसेंबर, रात्री १०:१५

विचारतो. माझा रूममेट आधी दम्मामला होता, पाण्याच्याच कामावर. उद्या रात्रीपर्यंत इथंच लिहितो.